ऋतूंचा चितारी : आबालाल रहिमान

नाशिक क्षेत्री राहणाऱ्या मनुष्यास कोणता ऋतू चालू आहे हे जाणण्यासाठी पंचांग उघडावे लागत नाही. गोदावरीच्या घाटावर उभे राहून दुतोंड्या मारुतीकडे एकवार दृष्टी टाकली म्हणजे पुरे. वैशाखात त्याच्या पायांखालची शिळा तापून गेलेली असते. आषाढ-श्रावणात गढूळ पाणी त्याच्या गुडघ्यांशी, मग कमरेशी येते, आणि महापुराच्या वर्षी छातीच्याही वर चढते. तेव्हा सारे शहर पूर किती आला हे त्याच्या अंगावरूनच मोजू लागते. आश्विनात पाणी निवळून घाटाच्या पायऱ्या पुन्हा वर येतात, आणि पौषातल्या पहाटे त्याच पाण्यावरून धुके हळूहळू सरकताना दिसते. मूर्ती तीच, घाट तोच, परंतु वर्षभरात त्या एकाच स्थळाची किती रूपे होतात!

ही रूपे आपणां सर्वांच्या डोळ्यांपुढून जातात. पण डोळ्यांपुढून जाणे निराळे व पाहणे निराळे. गतवर्षीच्या भाद्रपदातील एखाद्या सायंकाळी आकाशाचा रंग कसा होता असे कोणी विचारले, तर आपल्यापैकी किती जणांस सांगता येईल? जे क्षणात येते व क्षणात जाते, ते कागदावर धरून ठेवण्याचे काम निसर्गचित्रकार करीत असतो. आपल्या महाराष्ट्रात हे काम ज्यांनी जन्मभर एकनिष्ठेने केले, अशा एका थोर कलावंताचे चरित्र विद्यार्थी मित्रांपुढे व त्यांच्या पालकांपुढे ठेवण्याचा येथे विचार आहे. त्यांचे नाव आबालाल रहिमान. त्यांची नदी गोदावरी नसून पंचगंगा होती, आणि त्यांचा दुतोंड्या मारुती म्हणजे कोल्हापूरच्या रंकाळा तलावातील संध्यामठ होय.

आबालालांचा जन्म एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात करवीर नगरीत एका मुसलमान कुटुंबात झाला. ह्या घराण्यात कुराणाच्या सुंदर हस्तलिखित प्रती तयार करण्याची परंपरा होती. छापखान्यांचा सुकाळ होण्यापूर्वी ग्रंथ हाताने उतरून काढावे लागत, आणि धर्मग्रंथ उतरणाऱ्याच्या हाती विलक्षण स्थैर्य असावे लागे. अक्षराची गोलाई बिघडता कामा नये, दोन ओळींतील अंतर ढळता कामा नये, शाईचा थेंब पडता कामा नये. अशा घरात वाढलेल्या मुलास लेखणी धरण्याचा संयम बाळपणीच लाभला असल्यास नवल नाही. पुढे त्यांच्या चित्रांत रंगाचा अगदी बारीक ठिपकाही नेमक्या जागी पडलेला दिसतो, त्याचे मूळ ह्या घरगुती शिस्तीत शोधावयास हरकत नाही. मुलाच्या हस्तकौशल्याची वार्ता कोल्हापुरातील इंग्रज रेसिडेंटाच्या घरापर्यंत पोहोचली व तेथून उत्तेजन मिळाल्यामुळे त्यास मुंबईस कलाशिक्षणासाठी जाता आले, अशी हकीकत परंपरेने सांगितली जाते.

कोल्हापुरास आगगाडी आली ती १८९१ मध्ये. आबालाल त्यापूर्वीच मुंबईस गेले. म्हणजे ह्या तरुणाचा पहिला प्रवास आजच्यासारखा एका रात्रीचा नव्हता हे ध्यानात घ्यावे. सर जमशेटजी जीजीभाई ह्यांच्या देणगीतून १८५७ मध्ये स्थापन झालेले कलाविद्यालय त्या वेळी जॉन ग्रिफिथ्स ह्या चित्रकाराच्या देखरेखीखाली होते. अजिंठ्याच्या लेण्यांतील भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करवून घेण्याचे मोठे कार्य ह्याच ग्रिफिथ्सांनी विद्यार्थ्यांच्या साहाय्याने चालविले होते. विद्यालयातील शिक्षणपद्धती इंग्लंडातील शाळांच्या धर्तीची होती. प्रथम प्लास्टरच्या पुतळ्यांवरून रेखाटन, त्यानंतर छायाप्रकाश, यथार्थदर्शन, शरीररचना, आणि सरतेशेवटी जिवंत मनुष्यास समोर बसवून चित्रण, असा तो क्रम होता. आबालालांनी ह्या शिक्षणात उत्तम प्रावीण्य संपादन केले, पारितोषिके मिळविली आणि हुशार विद्यार्थी म्हणून लौकिक कमाविला.

अशा विद्यार्थ्यापुढे त्या काळी एक राजमार्ग उघडा होता. राजा रविवर्मा ह्यांच्या पौराणिक चित्रांनी व व्यक्तिचित्रांनी सर्व हिंदुस्थान मोहून गेला होता. संस्थानिक, शेट-सावकार व सरकारी अंमलदार आपापल्या तसबिरी काढवून घेत आणि त्याबद्दल भरपूर द्रव्य देत. निसर्गदृश्यास मात्र स्वतंत्र मान नव्हता. डोंगर, झाड, तळे ही सगळी एखाद्या देवतेच्या किंवा सरदाराच्या पाठीमागे उभी राहणारी मंडळी! त्यांचेच चित्र काढून पोट भरावे, ही कल्पना कोणासही वेडगळ वाटली असती. मुंबईत राहून नाव व पैसा जोडण्याची संधी असता आबालाल कोल्हापुरास परत आले, आणि पुढील सारे आयुष्य त्यांनी त्या एका नगरीच्या परिसरात घालविले.

कोल्हापुरात त्यांस एक थोर आश्रयदाता भेटला. छत्रपती शाहू महाराजांनी १८९४ मध्ये राज्यकारभार हाती घेतला. मल्लविद्या, संगीत, नाट्य व चित्र ह्या सर्वांचा परामर्श घेणारा हा राजा माणसाची जातपात न पाहता गुण पाहत असे. आबालालांना त्यांनी दरबारचे चित्रकार म्हणून आश्रय दिला. महाराजांना शिकारीचा मोठा षोक होता. रानातील मोहिमांत आबालालांनाही बरोबर नेण्यात येई, आणि शिकारीचे प्रसंग ते चित्रांतून उतरवीत. व्यक्तिचित्रांचे कामही त्यांनी केले. परंतु दरबारी काम संपले की त्यांची पावले आपोआप नगराबाहेर वळत.

शहराच्या पूर्वेस कोटितीर्थ नावाचा एक तलाव आहे. त्याच्या काठी आबालालांचे वास्तव्य असे. राहणी फकिराची, गरजा थोड्या. कुंचला, रंग, कागद व समोर पसरलेली सृष्टी एवढीच त्यांची दौलत होती. कोटितीर्थाचे पाणी, रंकाळ्याचा काठ, पंचगंगेचा घाट, आसपासचे मळे व माळ हीच स्थळे त्यांनी पुनःपुन्हा रंगविली. सकाळी पाहिलेली जागा सायंकाळी, उन्हाळ्यात पाहिलेली पावसाळ्यात, असा त्यांचा परिपाठ होता. दूरदूरची प्रेक्षणीय स्थळे पाहण्याची त्यांना आवश्यकता भासली नाही. एकाच जागेस शंभर वेळा सामोरे जाणाऱ्या ह्या मनुष्यास शेजाऱ्यापाजाऱ्यांनी कदाचित विक्षिप्तही ठरविले असेल. पण ऋतू रंगविण्याचे खरे मर्म ह्याच परिपाठात होते. ते कसे, हे थोडे विस्ताराने पाहू.

युरोपातील चित्रकारास ऋतू दाखविणे एका दृष्टीने सोपे असते. बर्फ पडले की हिवाळा, पाने तांबूस-पिवळी झाली की शरद, नवी पालवी फुटली की वसंत. ही खूण लहान मुलासही पटते. फ्लँडर्स प्रांतातील ब्रुगेल ह्या चित्रकाराने १५६५ मध्ये वर्षाच्या निरनिराळ्या काळांची एक प्रसिद्ध चित्रमाला रंगविली, तीत बर्फातून परतणारे शिकारी पाहताच आपणांस थंडी भरते. आपल्या दख्खनच्या पठारावर असे घडत नाही. येथे वड व आंबा बारा महिने हिरवेच असतात. मग वैशाखातला आंबा व भाद्रपदातला आंबा ह्यांतील भेद चित्रात दाखवावयाचा कसा? नुसते झाड रंगवून तो दिसत नाही. तो दिसतो झाडावर पडलेल्या प्रकाशात, मागच्या हवेत, पायथ्याच्या मातीत व जवळच्या पाण्यात. आपल्याकडील ऋतू पानांत थोडा व हवेपाण्यात फार असतो, ही गोष्ट ज्याने ओळखली तोच येथला ऋतुचित्रकार.

ग्रीष्म ऋतू घ्या. उन्हाळ्यात आकाश निळे असते अशी आपली समजूत असते, म्हणून शाळेतील मुले वैशाखाचे चित्र काढताना वर गडद निळा रंग फासतात. वस्तुतः त्या दिवसांत हवेत धूळ भरलेली असते. धुळीचे कण प्रकाशातील सर्वच रंग सारखे विखुरतात, त्यामुळे आकाश पांढुरके व क्षितिजाशी मातकट होते. सूर्य माथ्यावर असल्याने सावल्या आखूड होऊन झाडाच्या बुंध्याशी गोळा होतात. दूरचे डोंगर असून नसल्यासारखे होतात. तलावाचे पाणी मागे हटते आणि काठाशी चिखलाचे भेगाळलेले पट्टे उघडे पडतात. रंकाळ्याचे पाणी असे ओसरू लागले की संध्यामठाची दगडी इमारत वर वर येऊ लागते. पावसाळ्यात अंग पाण्यात बुडवून बसलेली ही वास्तू उन्हाळ्यात खांबांसह मोकळी होते. आबालालांचे संध्यामठाचे चित्र विशेष प्रसिद्ध आहे. दगड व पाणी ह्यांच्या ह्या चढउतारात अवघे वर्ष सामावलेले आहे, हे त्यांच्या दृष्टीने अचूक हेरले होते.

मृगाचा पाऊस पडला की सगळे मोजमाप बदलते. ढगांनी आकाश भरून आले म्हणजे प्रकाश एका बाजूने न येता चोहोंकडून सारखा झिरपतो. सावल्यांच्या कडा नाहीशा होतात. उन्हात फिकट दिसणारी माती भिजून काळीभोर होते, कारण ओल्या पृष्ठभागावरून प्रकाश कमी परततो. आणि हिरवा रंग! त्याचे तर किती प्रकार! कोवळ्या भाताचा पोपटी, जुन्या आंब्याचा काळसर, शेवाळाचा मखमली, उसाचा निळसर. रंगपेटीतील एकच हिरवा सर्वत्र वापरणाऱ्याचे चित्र खोटे दिसते ते ह्यामुळेच. जुने चितारी पेवडी व नीळ ह्यांच्या मिश्रणाने हिरवा सिद्ध करीत. त्यांत पेवडी वाढविली की पालवी कोवळी होते, नीळ वाढविली की दाट होते, व किंचित काव मिळविली की ती जून होऊ लागते. चिमूटभर रंगाच्या फरकाने महिना पुढे सरकतो, असे म्हटले तरी चालेल.

पावसाळ्यात जलरंगाने काम करणाऱ्याची आणखी एक अडचण असते. जलरंगात पांढरा रंग बहुधा वापरीत नाहीत. कागद कोरा ठेवून त्याच्याच पांढरेपणाने उजेड दाखवितात. दमट हवेत कागद वाळत नाही, म्हणून एक लेप दुसऱ्यात पसरतो व ढगांच्या कडा आपोआप मऊ होतात. उलट उन्हाळ्यात लेप पसरण्यापूर्वीच वाळून जातो व त्याची कड धारदार उमटते. जो चित्रकार घरात न बसता उघड्यावर काम करतो, त्याच्या कागदावर ऋतू स्वतःच आपली सही करून जातो. आबालालांची निसर्गचित्रे प्रत्यक्ष स्थळाच्या सान्निध्यातून आली असल्यामुळे त्यांत हा ओलावा व ही धार जाणवते.

नवरात्राच्या सुमारास पाऊस परतला म्हणजे हवा धुऊन निघालेली असते. धूळ बसलेली असल्याने आकाशाचा निळा रंग ह्याच दिवसांत खरा गडद होतो. कोल्हापुरातून वायव्येस पाहिले असता पन्हाळ्याची डोंगररांग ह्या काळात जवळ आल्यासारखी भासते. आपल्या नाशकास रामशेजचा किल्ला वा पांडवलेण्यांची टेकडी तशीच भासते. तरीही दूरचा डोंगर निळा दिसतो ह्याचे कारण तो निळा असतो हे नव्हे. आपल्यामधील व डोंगरामधील हवा निळा प्रकाश अधिक विखुरते, म्हणून जितके अंतर जास्त तितकी निळाई जास्त. हे तत्त्व जाणणारा चित्रकार कागदाच्या वीतभर रुंदीत पाच कोसांचे अंतर उभे करू शकतो. पुढे हेमंत-शिशिरात सूर्य दक्षिणेकडे झुकून खाली येतो, सावल्या लांब होतात, प्रकाश सोनेरी होतो आणि सावलीवर आकाशाचा निळा उजेड पडल्यामुळे ती जांभळट दिसते. उसाला तुरे येतात, गुऱ्हाळांच्या चुलाण्यांचा धूर थंड हवेत वर न चढता शेतावर आडवा पसरतो. ज्याने हा आडवा धूर पाहिला आहे, त्याला चित्रात थंडी सांगण्यासाठी बर्फाची गरज नाही. मग फाल्गुनात पळस पेटतो, वैशाखात बहावा पिवळे घोस सोडतो, आणि वर्तुळ पुरे होते.

आबालालांच्या रंगकामाची एक विशेष रीत होती. शुद्ध रंगांचे लहान लहान ठिपके शेजारीशेजारी ठेवून ते दृश्य घडवीत. जवळून पाहिल्यास ठिपके दिसतात. चार पावले मागे सरले की ते एकमेकांत मिसळून प्रकाशाचा भास होतो. दोन रंग शेजारी आले की परस्परांना बदलतात हा नियम फ्रान्समधील शेव्रल ह्या रसायनशास्त्रज्ञाने १८३९ मध्ये ग्रंथरूपाने मांडला होता, आणि पुढे तेथील चित्रकारांनी त्याचा आपल्या कलेत उपयोग केला. मोने नामक फ्रेंच चित्रकाराने १८९० व १८९१ ह्या वर्षांत आपल्या घराजवळच्या शेतातील गवताच्या गंज्या निरनिराळ्या ऋतूंत व प्रहरी सुमारे पंचवीस वेळा रंगविल्या. प्रकाश बदलला की तो हातातील फलक बाजूस ठेवून दुसरा घेई. त्याच्याही आधी इंग्लंडातील कॉन्स्टेबल ह्याने १८२१-२२ मध्ये लंडनजवळच्या हॅम्पस्टेड येथे ढगांचे कित्येक अभ्यास केले व त्यांच्या पाठीमागे तारीख, वेळ व वाऱ्याची दिशा टिपून ठेवली. आमच्या देशातही बारा महिन्यांची चित्रे काढण्याची जुनी परंपरा राजस्थानी व पहाडी दरबारांत होती. पण तेथे महिना मुख्यतः नायक-नायिकांच्या भावनेतून, सणांतून व पक्ष्यांतून सांगितला जाई. विशिष्ट गावच्या विशिष्ट तळ्यावर, विशिष्ट वेळी पडलेला उजेड हाच चित्राचा नायक करणे ही गोष्ट महाराष्ट्रास नवीन होती. मोने आपल्या गंज्यांसमोर उभा होता त्याच काळात, सहस्रावधी कोसांवर, कोटितीर्थाकाठी आबालाल आपल्या पाण्यासमोर बसले होते. मोन्याच्या मागे पॅरिस होते, चित्रांचे व्यापारी होते, वाद करणारी वृत्तपत्रे होती. आबालालांच्या मागे एक राजा होता, आणि बस.

परंतु खरे ज्ञान शेजारच्यास उजळल्यावाचून राहत नाही. कोल्हापुरातच जन्मलेले, पुढे मुंबईच्या कलाविद्यालयात कीर्ती पावलेले महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७–१९४४) ह्यांना तरुणपणी आबालालांचे मार्गदर्शन लाभले होते. १९२० मध्ये सैरंध्री हा बोलपट येण्यापूर्वीच्या काळातील गाजलेला मूकपट काढणारे बाबूराव पेंटर ह्यांच्याही मनात आबालालांविषयी गुरूसारखा आदर होता. कोल्हापुरास निसर्गचित्रकारांची जी मोठी परंपरा लाभली, तिच्या मुळाशी ह्या एकांतप्रिय मनुष्याचे उदाहरण आहे. त्यांनी शाळा काढली नाही, ग्रंथ लिहिला नाही. ते केवळ काम करीत राहिले व पाहणारे शिकत राहिले.

आता ह्या चरित्रातील दुःखद भाग सांगणे प्राप्त आहे. १९२२ च्या मे महिन्याच्या ६ तारखेस शाहू महाराज मुंबईत कैलासवासी झाले. वय अवघे ४७ वर्षांचे. सबंध करवीर राज्य शोकात बुडाले. आबालालांचा तर एकमेव रसिक गेला. त्या दुःखाच्या आवेगात त्यांनी आपली अनेक चित्रे कोटितीर्थाच्या पाण्यात सोडून दिली असे सांगतात. ज्या पाण्याचे रंग त्यांनी इतकी वर्षे कागदावर उतरविले, त्याच पाण्यास ते कागद परत मिळाले. जलरंग पाण्यात विरघळतो. वर्षानुवर्षांची सकाळ-संध्याकाळ घटकाभरात पुन्हा निराकार झाली असेल.

ह्या कृतीविषयी काय म्हणावे? कोणी म्हणेल, ही थोर गुरुदक्षिणा झाली. ज्याच्यासाठी चित्रे होती तो गेला, मग चित्रे कशास? कोणी म्हणेल, हा अविचार झाला. कारण चित्र एकदा पुरे झाले की ते चित्रकाराचे वा राजाचे राहत नाही, पुढील पिढ्यांचाही त्यावर हक्क असतो. दोन्हींत काही सत्य आहे. आम्हांस मात्र ह्यात तिसरीच एक गोष्ट दिसते, व ती आपणां सर्वांस लाजविणारी आहे. एवढ्या मोठ्या नगरीत, एवढ्या सुशिक्षित प्रांतात, त्या कलावंतास एका राजावाचून दुसरा कोणीही आपला वाटू नये! त्याची चित्रे पाहावयास दहा घरची माणसे जात असती, त्यांतील एखादे मागून नेऊन आदराने भिंतीवर लावीत असती, तर कदाचित तो दिवस तसा उगवला नसता. चित्रे पाण्यात सोडणारा हात एकाचा होता. पण न पाहणारे डोळे पुष्कळांचे होते.

त्यानंतर आबालाल सुमारे नऊ वर्षे जगले. २८ डिसेंबर १९३१ रोजी त्यांचे देहावसान झाले. मागे संपत्ती उरली नाही. जी चित्रे कोणी कोणी जपून ठेवली होती ती उरली, व त्यांवरूनच आज त्यांची योग्यता जगास कळते. कोल्हापूरच्या टाऊन हॉलमधील संग्रहालयात त्यांची काही चित्रे पाहावयास मिळतात. ज्या पालकांस सुट्टीत मुलांना घेऊन अंबाबाईच्या दर्शनास जाण्याचा योग येईल, त्यांनी एक तास त्या संग्रहालयासाठी अवश्य राखून ठेवावा. चित्रांचा आकार पाहून निराश होऊ नये. आधी जवळ जावे, मग चार पावले मागे सरावे, आणि तेथून रंकाळ्यावर जाऊन तोच उजेड प्रत्यक्ष पाण्यावर शोधावा.

आबालालांच्या आयुष्यापासून विद्यार्थ्यांनी घ्यावयाचा धडा दारिद्र्याचा नव्हे. कलावंताने उपाशी राहिलेच पाहिजे असा काही नियम नाही, आणि तसे मानणे हे समाजास सोयीचे असले तरी न्यायाचे नाही. धडा आहे तो निष्ठेचा व अवलोकनाचा. परदेशची दृश्ये पाहावयास मिळत नाहीत म्हणून अडून न बसता, आपल्या दाराशी असलेले तळे हेच विश्व मानून त्याचे सर्व ऋतू जाणून घेणे, हे त्यांनी केले. आपल्या नाशकातही गोदाघाटाचे रूप शिवाजी तुपे ह्यांच्यासारख्या चित्रकारांनी पुढील काळात प्रेमाने रंगविले आहे, तेव्हा ही वाट आपल्या गावास अनोळखी नाही.

म्हणून आमच्या विद्यार्थी मित्रांस एक सुचवावेसे वाटते. घाटावरील किंवा घराजवळील एक जागा निवडा. दर महिन्याच्या एका ठरावीक दिवशी, ठरावीक वेळी तेथे जाऊन पाऊण तास बसा व जे दिसेल ते रेखाटा. चित्र चांगले साधले नाही तरी चिंता नाही. कॉन्स्टेबलप्रमाणे मागे तारीख, वेळ व वारा लिहून ठेवा. आकाश खरोखर निळे आहे की पांढुरके, सावली काळी आहे की जांभळी, पाणी कोणत्या पायरीशी आहे, एवढेच प्रामाणिकपणे पाहा. बारा महिन्यांनी ते बारा कागद ओळीने मांडा. त्यांत तुमचे एक वर्ष तुम्हांस दिसेल, जे अन्यथा तुमच्या नकळत निघून गेले असते. आणि पालकांस विनंती एवढीच की, मुलाने ते कागद पुढे केले असता हातातील काम क्षणभर बाजूस ठेवून ते नीट पाहावेत.